शून्यागार आणि वसते घर : गृहाक्रमणाचे भयपट व त्यांचा अनिच्छुक प्रेक्षक

भयानक रसाची चर्चा करताना आपल्या व पाश्चात्त्य अशा दोन्ही परंपरांतील मीमांसकांनी बहुधा एकच प्रश्न समोर ठेवला आहे. जे प्रत्यक्ष जीवनात टाळावेसे वाटते, ते कलेत पाहावेसे का वाटते? डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये शोकात्म नाट्यासंबंधी लिहिलेल्या निबंधात हाच प्रश्न विचारला आणि नोएल कॅरल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तोच भयकथा व भयपट यांच्या संदर्भात पुन्हा मांडला. करुण रसापासून आनंद कसा होतो, या आपल्याकडील जुन्या वादाचे स्वरूपही याहून फारसे निराळे नाही. या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. प्रेक्षक स्वेच्छेने आलेला आहे व त्याला हवे ते मिळाले आहे. उरतो तो केवळ त्याच्या आनंदाची उपपत्ती लावण्याचा प्रश्न.

परंतु प्रेक्षागृहात आणखी एक प्रेक्षक असतो. तो कोणाच्या तरी आग्रहास्तव आलेला असतो, किंवा अभ्यासाचा भाग म्हणून त्याला तो चित्रपट पाहणे प्राप्त झालेले असते. तो बोटांच्या फटीतून पाहतो, मध्येच पाणी पिण्याच्या निमित्ताने उठतो, कथेचा शेवट आधीच विचारून घेतो आणि चित्रपट संपल्यावर त्याला आनंद झाला असे म्हणवत नाही. रसचर्चेत या प्रेक्षकाला स्थान नाही. फार तर अरसिक म्हणून त्याची बोळवण केली जाते. प्रस्तुत लेखक याच वर्गातला आहे, आणि पुढील विवेचन त्या वर्गाच्या बाजूने केलेले आहे, हे आरंभीच सांगून टाकणे इष्ट.

भयपटांचा एक विशिष्ट प्रकार असा आहे की, ज्यात परकी माणसे वसत्या घरात शिरतात आणि त्या घरातील माणसांना तेथेच कोंडून छळतात. त्याला येथे ‘गृहाक्रमणाचा भयपट’ असे म्हटले आहे. या प्रकाराच्या बाबतीत प्रेक्षकाची अनिच्छा हा त्याच्या रसिकतेतील उणेपणा ठरत नाही. उलट या प्रकाराची रचना नेमकी काय साधते, याची सर्वांत अचूक साक्ष हा अनिच्छुक प्रेक्षकच देतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१. भयाचे स्थान

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत विकृत ध्वनी, भुताखेतांचे दर्शन, कोल्हे व घुबडे यांच्यामुळे वाटणारा त्रास, अरण्यात जाणे, स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे अथवा ऐकणे, यांच्या जोडीने शून्यागाराचाही उल्लेख आहे. शून्यागार म्हणजे ओसाड, माणसे नसलेले घर. ही यादी बारकाईने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. स्वजनांवरील संकट वगळता यातील भयाची बहुतेक निमित्ते मनुष्यवस्तीच्या बाहेरची आहेत. अरण्य बाहेर आहे, कोल्हे बाहेर आहेत, आणि घर जेव्हा भयप्रद होते तेव्हाही ते घरपण गेलेले घर असते. वसते घर, पेटलेली चूल, आतून लावलेली कडी ही भयाच्या यादीत नाहीत, कारण भयापासून पळून जाऊन माणूस जेथे येतो ती ती जागा आहे.

वसत्या ठिकाणी, निजलेल्या माणसांवर आलेल्या संकटाची जाणीव आपल्या परंपरेला नव्हती, असा याचा अर्थ नव्हे. महाभारतातील सौप्तिक पर्वात अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरात शिरून निद्रिस्त वीरांचा संहार करतो. ही कल्पना त्याला वटवृक्षावर झोपलेल्या कावळ्यांना मारणाऱ्या घुबडाकडे पाहून सुचते. निजलेल्यांना मारणे हा अधर्म होय, असे कृपाचार्य त्याला बजावतात. अठरा दिवसांच्या भीषण युद्धानंतरही ही एक रात्र निराळी ठरते ती संख्येमुळे नव्हे. निद्रा आणि निवारा यांचा अलिखित करार येथे मोडला गेला आहे, म्हणून.

कायद्यानेही हा भेद मानलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने दिवसाची घरफोडी आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी यांत फरक करून दुसरीला अधिक कडक शिक्षा सांगितली होती. रात्रीच्या घरफोडीपासून मालमत्तेचा बचाव करताना, विहित मर्यादांत राहून, हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत बचावाचा हक्क तिने मान्य केला होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हा भेद कायम आहे. रुक्ष कायद्याच्या भाषेतही घर आणि रात्र यांच्या संयोगाला वेगळे वजन आहे, एवढे यावरून दिसते.

गृहाक्रमणाच्या भयपटाने भरताची यादी उलटी केली. शून्यागाराऐवजी त्याने वसते घर निवडले. झिग्मुंड फ्रॉइडने १९१९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात भयाच्या एका प्रकारासाठी जर्मन भाषेतील ‘उनहाइमलिश’ या शब्दाची चिकित्सा केली आहे. त्या शब्दाच्या पोटात ‘हाइम’ म्हणजे घर आहे. जे घरातले, ओळखीचे, तेच विपरीत होऊन समोर यावे, यात या भयाचे मूळ आहे, असे त्याचे म्हणणे. आपल्या भाषेत गृहप्रवेश हा मंगल विधी आहे. या चित्रपटांचा विषय म्हणजे त्या विधीचे विडंबन होय.

२. परंपरेचा धावता आढावा

हा प्रकार अलीकडचा आहे, असा समज आहे. वस्तुतः तो चित्रपटकलेच्या बाल्यावस्थेइतका जुना आहे. आंद्रे द लोर्द या फ्रेंच नाटककाराच्या ‘ओ तेलेफोन’ म्हणजे ‘दूरध्वनीवर’ या विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच्या नाटकात दूरच्या गावी असलेला एक गृहस्थ, आपल्या घरात मारेकरी शिरून पत्नी व मूल यांचा घात करीत असताना, ते सर्व दूरध्वनीवरून ऐकतो. रंगभूमीवर हत्या दिसतच नाही; दिसतो तो ऐकणारा. डी. डब्ल्यू. ग्रिफिथने १९०९ मध्ये ‘द लोनली व्हिला’ हा लघुपट केला, त्यात हीच परिस्थिती घेतली; मात्र त्याचा पिता वेळेवर घरी पोहोचतो. घर फोडणारे चोर, आत अडकलेले कुटुंब आणि धावत येणारा पिता यांची दृश्ये आलटून पालटून दाखविण्याची पद्धत येथे फार परिणामकारकपणे वापरलेली आहे. १९१३ मध्ये लोइस वेबर व फिलिप्स स्मॉली यांनी ‘सस्पेन्स’मध्ये पडद्याचे तीन त्रिकोणी भाग करून घरफोड्या, गृहिणी व दूरध्वनीवर असलेला पती यांना एकाच वेळी एका चौकटीत आणले. त्या कथेत घर सोडून जाणारी मोलकरीण किल्ली पायपुसण्याखाली ठेवून जाते. घराची सुरक्षितता केवढ्याशा संकेतावर उभी असते, हे त्या एका किल्लीने सांगितले आहे.

नाटकातील तो ऐकणारा गृहस्थ विसरता कामा नये. त्याला सर्व कळते आणि करता काहीच येत नाही. गृहाक्रमणाच्या भयपटाचा प्रेक्षक हाच आहे. पुढील सर्व चित्रपटांनी रंगभूमीवरच्या त्या माणसाला तेथून उचलून प्रेक्षकाच्या आसनावर बसविले, एवढेच.

यानंतरच्या इतिहासात एक बदल विशेष महत्त्वाचा आहे, तो म्हणजे आक्रमकाच्या हेतूचा हळूहळू झालेला लोप. विल्यम वायलरच्या ‘द डेस्परेट अवर्स’ (१९५५) मधील पळालेल्या कैद्यांना आसरा हवा आहे. टेरेन्स यंगच्या ‘वेट अंटिल डार्क’ (१९६७) मध्ये गुन्हेगारांना अमली पदार्थ दडविलेली एक बाहुली हवी आहे. हेतू असला म्हणजे सौदा करता येतो, वेळ काढता येतो, बुद्धी चालवता येते. दृष्टिहीन नायिका घरातील दिवे फोडून अंधार करते आणि आक्रमकाला आपल्या पातळीवर आणते; राहून गेलेला शीतकपाटातला दिवा मात्र त्याच्या उपयोगी पडतो. हा डावपेच प्रेक्षकाला काही काळ भयातून वर काढतो. परंतु मिखाएल हानेकेच्या ‘फनी गेम्स’ (१९९७) मध्ये दोन सभ्य दिसणारे, हातांत पांढरे मोजे घातलेले तरुण अंडी मागण्याच्या निमित्ताने घरात येतात आणि त्यांना हवे असे काहीही नसते. ब्रायन बर्टिनोच्या ‘द स्ट्रेंजर्स’ (२००८) मध्ये मुखवटे घातलेल्या तिघांना नायिका कारण विचारते. तुम्ही घरी होता, एवढेच उत्तर तिला मिळते.

या उत्तराचे महत्त्व केवळ धक्क्यापुरते नाही. भयकथा ऐकताना आपण मनाशी एक तजवीज करीत असतो. त्या माणसाने लोभ केला, शाप ओढवून घेतला, नको त्या वाड्यात पाऊल टाकले. आपण तसे करणार नाही. अशा तऱ्हेने आपण स्वतःला कथेपासून वेगळे करतो. घरी असणे हा मात्र असा अपराध आहे, जो प्रत्येक प्रेक्षक रोज रात्री करतो. अंडी मागायला आलेल्या शेजाऱ्याला आत घेणे हाही तसाच अपराध. कारण तो वास्तविक सद्गुण आहे. ज्या संस्कृतीत अतिथीला देव मानण्याची शिकवण आहे, तेथे हे विडंबन अधिकच झोंबते.

३. रसविघ्न म्हणून भय

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लौकिक भय आणि भयानक रस यांत भेद कोणता? अभिनवगुप्ताने रससूत्रावरील आपल्या टीकेत यासाठी शाकुंतलाच्या आरंभीचे, रथापुढे पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ते वर्णन ऐकताना भय प्रतीत होते, परंतु ‘मी भ्यालो आहे’ किंवा ‘हा शत्रू भ्यालेला आहे’ अशा कोणत्याही व्यक्तीला ते चिकटलेले नसते; देश व काल यांच्या बंधनांतून ते सुटलेले असते. साधारणीकरण म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो, ते हेच.

याच संदर्भात त्याने रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील दोन आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. भाव हा केवळ स्वतःचा अथवा केवळ दुसऱ्याचा आहे, अशा जाणिवेने विशिष्ट देशकालात अडकणे हे एक. आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होऊन जाणे हे दुसरे. ही विघ्ने दूर करण्यासाठी नाट्यात कोणती योजना असते, हेही त्याने सांगितले आहे. पूर्वरंग व प्रस्तावना, नटाचे रूप झाकणारा वेष व मुकुट, नाट्यधर्मी संकेत, गायनवादन, सुशोभित मंडप या सर्वांचे कार्य प्रेक्षकाला त्याच्या खाजगी चिंतेतून सोडविणे हे होय.

गृहाक्रमणाच्या भयपटाशी ही यादी ताडून पाहिली, तर फार उद्बोधक निष्कर्ष निघतो. तो या साहाय्यक गोष्टी एकेक करून काढून घेतो. ‘द स्ट्रेंजर्स’च्या आरंभी कथा सत्य घटनांवरून सुचल्याचे निवेदन येते, म्हणजे प्रस्तावनेने जे अंतर निर्माण करावयाचे, तेच येथे प्रस्तावना पुसून टाकते. पात्रांचे वेष आपल्यासारखे, स्थळ नेहमीचे स्वयंपाकघर, आणि आणीबाणीच्या क्षणी संगीत बंद. अभिनवगुप्ताने ज्यांना विघ्ने म्हटले, ती हटविण्याऐवजी ओढवून आणणे हीच या प्रकाराची रीत आहे. भय साधारण होऊ नये, ते ज्याचे त्याला लागावे, असा त्याचा प्रयत्न असतो.

यावर असे म्हणता येईल की, प्रेक्षक शेवटी प्रेक्षकच राहतो. तो काही पळून जात नाही. केन्डल वॉल्टन या तत्त्वज्ञाने १९७८ मधील एका लेखात हाच मुद्दा मांडला आहे. पडद्यावरून एक हिरवट, लिबलिबीत प्राणी प्रेक्षकाकडे झेपावत आहे, प्रेक्षक आसनाला घट्ट धरून बसला आहे. तरी तो पोलिसांना बोलावीत नाही, घरच्यांना सावध करीत नाही. म्हणून त्याचे भय हे खरे भय नसून भयासारखी एक अवस्था आहे, असे वॉल्टनचे प्रतिपादन आहे. न. चिं. केळकरांच्या सविकल्प समाधीच्या कल्पनेशी याचे काही अंशी साम्य दिसते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपली भूमिका सर्वस्वी सोडीत नाही.

वॉल्टनचा युक्तिवाद त्या लिबलिबीत प्राण्यापुरता निर्दोष आहे. गृहाक्रमणाच्या भयपटाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण येथे प्रेक्षक कृती करतो. तो घरी जाऊन कडी पाहतो. एकदा लावलेली कडी पुन्हा पाहतो, मागच्या दाराचा अडसर सरकवून पाहतो, खिडकीचा पडदा ओढून घेतो. चित्रपटातील मुखवटेधारी मंडळी येतील, असे त्याला मुळीच वाटत नसते; तेवढा विवेक शाबूत असतो. परंतु आपल्या दाराच्या बळकटीविषयी त्याची जी निर्धास्त समजूत होती, तिला धक्का बसलेला असतो, आणि ती समजूत खऱ्या जगाविषयीची होती. म्हणून चित्रपट चालू असतानाचे भय वॉल्टन म्हणतो तसे भयासदृश मानले, तरी नंतरचे भय लौकिक भयच मानावे लागते.

अरण्यातील पिशाचाची कथा संपली की ते अरण्य मागे राहते. या प्रकारात मात्र कथेचे स्थळ आणि प्रेक्षकाचे परतण्याचे स्थळ एकच. आज तर चित्रपट पुष्कळदा घरातच, रात्री, एकट्याने, हातातील छोट्या पडद्यावर पाहिला जातो. नाट्यमंडप आणि घर यांतील वाटदेखील उरलेली नाही. देशविशेषाचे विघ्न येथे कळसाला पोहोचते.

४. डोळा आणि कान

अनिच्छुक प्रेक्षकाच्या वर्तनाकडे आता थोडे बारकाईने पाहू. यात सर्वप्रथम दचकणे आणि भिणे यांत भेद केला पाहिजे. दचकणे ही शरीराची क्रिया आहे. तिच्यावर इच्छेची सत्ता जवळजवळ चालत नाही. भावनांच्या आविष्कारावरील १८७२ च्या ग्रंथात चार्ल्स डार्विनने स्वतःवर केलेला एक प्रयोग नमूद केला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्याने तोंड भिडविले. सापाने झडप घातली तरी मागे सरावयाचे नाही, असा निश्चय केला, आणि साप येताच तो एक-दोन यार्ड मागे उडाला. काच आहे हे ठाऊक असणे आणि न दचकणे यांचा संबंध नाही. म्हणून एखाद्या चित्रपटाने दचकविले, यावरून त्याची योग्यता ठरत नाही. केवळ दृश्याच्या साहाय्याने उत्पन्न केलेले भय कथेच्या घडणीतून उत्पन्न होणाऱ्या भयाहून हलके, हा ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात केलेला भेद येथे अजूनही उपयोगी आहे.

भय ही याहून सावकाश चालणारी गोष्ट आहे. ‘द स्ट्रेंजर्स’मधील एक दृश्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पहाटे चारच्या सुमारास कोणा मुलीने दार ठोठावून एका भलत्याच नावाची चौकशी केलेली आहे. नायक बाहेर गेला आहे. नायिका स्वयंपाकघरात एकटी आहे. तिच्या मागे, खोलीच्या अंधाऱ्या भागात, डोक्यावर पोत्यासारखा मुखवटा घातलेला एक मनुष्य येऊन उभा राहतो. त्या क्षणी संगीत वाजत नाही, चित्रचौकट त्याच्याकडे बोट दाखवीत नाही, नायिकेला तो दिसत नाही. पाहणाऱ्याला तो आपला आपणच सापडतो. काही वेळाने तो नाहीसा होतो. त्याने काहीच केलेले नसते. प्रस्तुत लेखकाने हा चित्रपट दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून पाहिला; तरीही त्यानंतर प्रत्येक दृश्यात नायिकेऐवजी तिच्या पाठीमागची जागाच आपण न्याहाळीत आहो, असे ध्यानात आले. चित्रपटाने प्रेक्षकाला पहारेकरी नेमले होते, आणि पहारेकऱ्याला डोळे मिटता येत नाहीत.

डोळे झाकणाऱ्या प्रेक्षकाची अडचण येथेच आहे. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. दाराची कडी हलल्याचा आवाज, तबकडीवर अडकून राहिलेले गाणे, पायरीची करकर ही सर्व बंद डोळ्यांच्या आड अधिक मोठी होतात. दूरध्वनीवरचा तो फ्रेंच गृहस्थ काहीच पाहत नव्हता; त्याची यातना केवळ ऐकण्याची होती. ज्याला खरोखर हा भार हलका करावयाचा असेल, त्याने डोळ्यांऐवजी कानांवर हात ठेवावे. ध्वनी बंद होताच पडद्यावरची घटना पुष्कळदा नुसती हालचाल होऊन राहते.

शेवट आधी विचारून घेण्याची सवय मात्र टाकाऊ नाही. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्र्युफोबरोबरच्या, १९६६ मध्ये ग्रंथरूप झालेल्या मुलाखतीत धक्का आणि उत्कंठा यांतील फरक टेबलाखालच्या बाँबच्या दृष्टान्ताने समजावून दिला आहे. बाँबची कल्पना नसेल तर क्षणभराचा धक्का, आधी ठाऊक असेल तर दीर्घ उत्कंठा. आपल्या जुन्या नाटकांचे प्रेक्षक कथा जाणूनच येत. कथा ठाऊक असल्याने रस कमी होतो, ही समजूत निराधार आहे. कमी होते ती केवळ असहायता.

५. अनिच्छा आणि विवेक

येथवर अनिच्छेचे स्पष्टीकरण झाले. तिचे मूल्य ठरवावयाचे राहिले. ‘फनी गेम्स’ने हा प्रश्न उघडपणे विचारला आहे. त्यातील एक आक्रमक अधूनमधून प्रेक्षकाकडे वळून पाहतो, त्याला आपल्या बाजूचा धरतो. पीडित स्त्री एकदा बंदूक हिसकावून दुसऱ्या आक्रमकाला ठार करते, तेव्हा पहिला दूरनियंत्रक शोधून घडलेले दृश्य उलटे फिरवितो आणि तो प्रसंग रद्द करतो. हे कल्पित आहे, अशी आठवण झाल्याने सामान्यतः दिलासा मिळावा. येथे उलट घडते, कारण कल्पिताचे नियमही घरात घुसलेल्यांच्याच हाती आहेत, असे दिसून येते. हत्या बहुतांशी पडद्याबाहेर घडतात. असले चित्र पाहण्यासाठी तुम्ही का थांबलात, असा दिग्दर्शकाचा प्रेक्षकाला प्रश्न आहे. जो उठून जातो त्याला या चित्रपटाची गरज नाही, अशी भूमिका हानेकेने घेतली आहे.

या भूमिकेत तथ्य आहे, पण ती अपुरी आहे. तिच्यानुसार प्रेक्षक दोनच: हिंसेला सोकावलेला आणि निघून गेलेला. तिसरा, म्हणजे नको असताना थांबलेला, तिच्या हिशोबात नाही. त्याला पीडितांची यातना करमणूक वाटत नाही. परंतु पाठ फिरविणे म्हणजे त्यांना एकटे टाकणे, असेही त्याला वाटत असते. कल्पित पात्रांविषयी असे वाटणे तर्कशुद्ध नसेल, तरी ते असंस्कृतपणाचे लक्षण खास नव्हे.

या प्रकाराच्या मुळाशी असलेल्या एका गृहीतकाचीही चिकित्सा केली पाहिजे. घर सुरक्षित असते आणि संकट बाहेरून येते, हे ते गृहीतक होय. ते सर्वांच्या बाबतीत खरे नाही. तसे असते तर २००५ मध्ये भारतीय संसदेला स्त्रियांचे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण करणारा अधिनियम संमत करावा लागला नसता. या दृष्टीने दोन हिंदी चित्रपट लक्षणीय आहेत. यश चोप्रांच्या ‘इत्तेफाक’ (१९६९) मध्ये वेड्यांच्या रुग्णालयातून पळालेला आरोपी एकट्या स्त्रीच्या घरात शिरतो. राम गोपाल वर्मांच्या ‘कौन’ (१९९९) मध्ये पावसाळी वातावरणात घरी एकट्या असलेल्या तरुणीच्या दाराची घंटा एक अनोळखी मनुष्य वाजवीत राहतो. दोन्हींत गाणी नाहीत, आणि दोन्हींत शेवटी कळते की अपराध आगंतुकाचा नसून घरात असलेल्या व्यक्तीचा आहे. रहस्यपटाची कलाटणी म्हणूनच याकडे पाहिले जाते. परंतु उंबरठ्याच्या आत काय असते याविषयी आपण किती सहज निःशंक असतो, हेही त्या कलाटणीने दाखवून दिले आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक विचार निघतो. चित्रपट हा आता अनेक विद्यापीठांत अभ्यासविषय आहे आणि भयपट त्यातून वगळता येणार नाहीत. वर्गात बसलेल्यांपैकी एखाद्याच्या घराचे दार कधी काळी खरोखरच फोडले गेले असेल. एखादीला दाराच्या घंटेचे भय चित्रपटाने शिकविण्याची गरज नसेल. त्यांच्या बाबतीत अभिनवगुप्ताचे तिसरे विघ्न, निजसुखदुःखाची विवशता, हे केवळ पारिभाषिक पद राहत नाही. अशा विद्यार्थ्याला कथानक आधी सांगणे, चित्रपट प्रकाशात व खंड पाडून पाहण्याची मुभा देणे, नकोच असल्यास लिखित कथानकावरून अभ्यास करू देणे, यांत शास्त्राची हानी काही नाही. अरसिक ठरण्याच्या भीतीने कोणी डोळे उघडे ठेवून बसावे, ही अपेक्षाच चुकीच्या रससिद्धान्तावर आधारलेली आहे.

निष्कर्ष असा की, भयानक रसाचा आस्वाद घेण्यास जे अंतर अवश्य असते, ते गृहाक्रमणाचा भयपट जाणूनबुजून कमी करतो. इच्छुक प्रेक्षक सरावाने, विनोदाने किंवा सोबतीच्या आधाराने ते अंतर स्वतः पुन्हा निर्माण करून घेतो आणि म्हणून त्याला आनंद मिळतो. अनिच्छुक प्रेक्षकापाशी ही साधने नसतात. त्याच्यावर रचनेचा आघात निखळ होतो. त्यामुळे ज्याला या प्रकाराचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने चाहत्यांबरोबरच या दुसऱ्या प्रेक्षकाचेही म्हणणे टिपून घ्यावे. तो कोठे उठला, कोठे डोळे झाकले आणि घरी गेल्यावर कोणते दार पाहिले, यांतून त्या चित्रपटाची घडण एखाद्या नकाशासारखी उलगडत जाते. भरताने शून्यागाराला भयाचे स्थान म्हटले, कारण वसत्या घरावर त्याचा विश्वास होता. या चित्रपटांनी त्या विश्वासाला हात घातला आहे. तो विश्वास ज्याला अद्याप मोलाचा वाटतो, त्यानेच ते पाहताना अस्वस्थ व्हावे, हे स्वाभाविक आहे.